नमुना एका छपाईचा, यंत्र दुसऱ्याच छपाईचे

इचलकरंजी, सांगली, मिरज, सोलापूर या पट्ट्यातल्या बॅनर छापणाऱ्यांनी सावध व्हावे म्हणून हे लिहितोय. रुंद पन्ह्याच्या कापडावर छापणारे यूव्ही यंत्र (अतिनील प्रकाशाने शाई वाळवणारे) विकायला कोणी आले आणि सोबत सुरेख छापलेला कापडाचा तुकडा घेऊन आले, तर आधी त्या तुकड्याच्या कडेचा एक धागा ओढून काढा. भावाचे बोलणे त्यानंतर करा.

आमचा बॅनर छपाईचा घरचा धंदा आहे. मी, भाऊ आणि भावजय मिळून चालवतो. 1 जुलै 2022 पासून 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आली आणि गिऱ्हाईक कापडाचे विचारू लागले. गणेश मंडळांचे पडदे, लग्नाच्या मंडपाचे बॅकड्रॉप, दुकानांचे छत, सगळ्यांना कापड हवे झाले. इचलकरंजीत कापडाला तोटा नाही. 120 इंच पन्ह्याची शीटिंग दारात मिळते. अडचण छपाईची होती. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंगाने छापायचे तर कापडाची आधी तयारी, मग छपाई, मग वाफ देणे, मग धुणे. म्हणजे बॉयलर आला, पाणी आले आणि रंगाचे सांडपाणीही आले. पंचगंगेची अवस्था आम्ही रोज पाहतो. त्यात आपणही भर घालावी असे घरात कोणालाच वाटत नव्हते.

विक्रेत्याच्या माणसाने नेमके इथेच बोट ठेवले. ‘‘शेठ, ना वाफ, ना धुलाई, ना सांडपाणी. छापलं की दिव्याखाली वाळलं, गुंडाळायचं आणि द्यायचं.’’ यातला शब्द न शब्द खरा आहे, आणि म्हणूनच ही फसवणूक लवकर ध्यानात येत नाही. यूव्हीची शाई हवेने किंवा उष्णतेने वाळत नाही. तिच्यात ॲक्रिलेट जातीची रसायने असतात. अतिनील प्रकाश पडला की शाईतला फोटोइनिशिएटर जागा होतो, ती रसायने एकमेकांत गुंफली जातात आणि क्षणात रंगाचा घट्ट पापुद्रा तयार होतो. पाणी लागत नाही, वाफ लागत नाही. पण तो पापुद्रा कापडाच्या वर बसतो, धाग्याच्या आत शिरत नाही. ही दुसरी बाजू त्या माणसाने आमच्यासमोर कधीच काढली नाही.

प्रात्यक्षिक त्यांच्या गाळ्यात झाले. 3.2 मीटर रुंदीचे यंत्र चालू होते आणि त्यावर लेप दिलेले बॅनरचे कापड छापले जात होते. त्यावर छपाई उत्तमच होती. मग कपाटातून नमुने निघाले. मऊसूत, मुठीत चुरगळले तरी रेघ न उमटणारे, गडद लाल आणि मोरपंखी. ‘‘हे कालच याच मशीनवर काढलंय. प्युअर कॉटन.’’ आम्ही आमचा सुती ताका बरोबर नेला होता. त्यावर समोर छापून द्या म्हटले, तर हेडची सफाई चालू आहे, दोन दिवसांत छापून कुरिअरने पाठवतो, असे उत्तर आले. ताका ठेवून घेतला. आठवड्याने तुकडा आला. आमचीच फाईल, आमचेच गणपतीचे चित्र, हाताला तसेच मऊ. व्यवहार 27 लाखांना ठरला. बरेचसे कर्ज, बाकी घरातले.

यंत्र बसले ते गणपतीच्या हंगामाच्या तोंडावर. पहिल्याच दिवसापासून कापड कडक येऊ लागले, रेक्झिनसारखे. बसवणारा इंजिनिअर म्हणाला, चार दिवसांत मऊ पडेल. मंडपवाल्यांना पडदे गेले आणि तिसऱ्या दिवशी एकजण घडी तशीच घेऊन परत आला. ‘‘काय ओ अण्णा, हे काय दिलंय?’’ घडी उलगडली तर प्रत्येक मोडीवर पांढरी रेघ. नखाने खरवडले तर रंगाचे पापुद्रे निघाले. पडद्याला उग्र वास होता आणि मागची बाजू बोटाला चिकट लागत होती. भावाच्या मनगटांवर पुरळ उठले. डॉक्टरांनी हातात कोणते रसायन येते ते विचारले. न वाळलेल्या ॲक्रिलेटमुळे त्वचेला ॲलर्जी होते, आणि एकदा ती जडली की पुढे थोड्या स्पर्शानेही उठते, हे तेव्हा कळले. यंत्र विकताना हातमोज्यांचे नावसुद्धा कोणी काढले नव्हते. याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

फोन केले की दर वेळी नवे कारण. कापडात खळ राहिली आहे. हवेत दमटपणा आहे. स्टॅबिलायझर बदला. खळीचे थोडे खरे होते, कोऱ्या कापडातली खळ नीट काढली नाही तर शाई धरत नाही. पण खळ काढून, धुऊन, इस्त्री करून घेतलेल्या कापडावरही तेच झाले.

उलगडा केला तो आमच्या ओळखीच्या एका डाईंग मास्तरांनी. त्यांनी कुरिअरने आलेला तुकडा आधी उलटा केला. मागच्या बाजूलाही रंग चांगला दिसत होता. मग कडेचा धागा ओढला, त्याचा पीळ सोडला. आतले तंतू रंगलेले होते. आमच्या यंत्रावर छापलेल्या कापडाचा धागा काढला, तर एका अंगाला रंग आणि दुसरे अंग पांढरे. मग काडी ओढून नमुन्याचा धागा पेटवला. तो वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटाने चुरली जाते. म्हणजे तुकडा सुती नव्हताच, पॉलिएस्टर होता. त्यावरची छपाई यूव्हीची नव्हती, सब्लिमेशनची होती. त्या छपाईत डिस्पर्स रंग सुमारे 200 अंशांच्या उष्णतेत वायू होऊन पॉलिएस्टरच्या तंतूत शिरतो, म्हणून कापड हाताला मऊ लागते आणि घडीवर रेघ पडत नाही. सुतावर तो रंग टिकतच नाही. भिंग लावून रीड-पिक, म्हणजे इंचातले उभे-आडवे धागे, मोजले, तर तेही आमच्या ताक्याचे नव्हते. आमचा ताका त्यांनी ठेवून घेतला आणि दुसऱ्याच कापडावर, दुसऱ्याच यंत्रावर आमचे चित्र छापून पाठवले. हा गैरसमज नव्हे. हा ठरवून घातलेला गंडा आहे.

चिकटपणाचे कारण वेगळे निघाले. यंत्रावर एलईडी दिवे आहेत. एलईडीचा प्रकाश एका अरुंद पट्ट्यातला असतो, बहुतेक यंत्रांत 365 ते 405 नॅनोमीटर लांबीच्या लहरींमधला एखादा. जुना पाऱ्याचा दिवा याहून कितीतरी आखूड लहरींचाही प्रकाश देतो. शाईतला फोटोइनिशिएटर दिव्याला जुळणारा लागतो. आम्हाला दिलेल्या बाटल्यांवरचे लेबल भिजवून काढले, तर खाली दुसरे लेबल. शाई पाऱ्याच्या दिव्याची, आणि वापरायची मुदत उलटून गेलेली. त्यात विरळ विणीच्या कापडात शाई खाली उतरते आणि धाग्याच्या सावलीत प्रकाश पोहोचत नाही, त्यामुळे ती कच्ची राहते. अशा कापडासाठी खाली शाई झेलणारी पन्हाळ आणि त्याचा संच वेगळा घ्यावा लागतो. तो आमच्या बिलात नव्हता.

यंत्र नवे म्हणून दिले होते. आयातीचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा कागद, मागितले तेव्हा टाळाटाळ सुरू झाली. वापरलेले यंत्र बाहेरून आणताना चार्टर्ड इंजिनिअरचे प्रमाणपत्र लागते, त्यात ते किती जुने ते येते. त्यामुळे हा कागद पैसे देण्याआधी मागा, आणि त्यावरचा अनुक्रमांक यंत्राच्या पाटीशी ताडून पाहा. आमच्या यंत्राची पाटी नव्या रिव्हेटने बसवलेली आहे, खाली जुन्या पाटीची भोके दिसतात.

यूव्ही छपाई वाईट आहे असे कोणी यातून समजू नये. घट्ट विणीच्या पॉलिएस्टरवर, खिडक्यांच्या रोलर ब्लाइंडवर, मागून दिवा लावायच्या बोर्डाच्या कापडावर, ताडपत्रीवर ती छान चालते. जुळणारी शाई घातल्यावर आमचे यंत्रही ब्लाइंडचे काम व्यवस्थित देते आणि सध्या कर्जाचा हप्ता त्यावरच निघतो. पण घडी घालायचा पडदा, अंगाला लागणारे कापड, लहान मुलांची चादर, यांवर ती नको. कोणी चालेल म्हणाला तर समोर छापून घ्या, एक रात्र घडी करून वर वजन ठेवा, सकाळी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ‘ही दिवाणी बाब आहे’ असेच ऐकावे लागले. वकिलांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली लेखी अर्ज दिला, कारण यंत्र विकण्याआधीच खोटा नमुना दाखवला होता. ग्राहक आयोगात व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार सहसा चालत नाही, पण 2019 च्या कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला त्यातून सूट आहे. आमच्याकडे यंत्रावर घरचेच लोक आहेत, त्या आधारावर तक्रार दाखल केली. व्हॉट्सॲपवरचे ‘कॉटनवर शंभर टक्के चालेल’ हे संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून तो फोन बदलू नका, विकू नका, गप्पा पुसू नका.

कुरिअरचा तो तुकडा, त्याचे पाकीट आणि पावती आम्ही दोन पंचांच्या सह्या घेऊन सीलबंद केली आहेत. ‘‘प्युअर कॉटन, याच मशीनवर’’ म्हणून असाच मऊ नमुना तुमच्याकडेही येऊन पडला असेल, तर तो कात्रणांत टाकू नका. तारीख घालून जपून ठेवा आणि आपल्या भागातल्या छपाईवाल्यांना दाखवा.