युनियनची घटना: तयार नमुना की स्वतःचा मसुदा, एका कलमाची दुरुस्ती की सगळी नव्याने?

नोंदणीच्या अर्जासोबत घटनेची, म्हणजे युनियनच्या नियमावलीची, प्रत जोडावीच लागते, त्यामुळे नवी युनियन सुरुवातीलाच या प्रश्नापाशी येते: महासंघाचा (अनेक युनियन मिळून झालेल्या संघटनेचा) छापील नमुना घ्यायचा की स्वतःचा मसुदा करायचा? जुन्या युनियनपुढचा प्रश्न वेगळा असतो. अडलेलं एखादं कलम बदलायचं की सगळी घटनाच नव्याने मंजूर करून घ्यायची? दोन्हीकडे आमची कसोटी एकच आहे. वाद पेटलेला असताना, तुमच्या आजच्या सभासदसंख्येत आणि आजच्या पाळ्यांमध्ये हे कलम शब्दशः पाळता येईल का? पाळता येत नसेल, तर ते कितीही भारदस्त असो, पहिल्याच भांडणात ते विरोधी गटाच्या वकिलाच्या हातात जाईल.

नमुना की स्वतःचा मसुदा

नमुन्याचा मोठा फायदा म्हणजे कायद्याने सक्तीचे विषय सुटत नाहीत. 1926 च्या ट्रेड युनियन्स कायद्याच्या कलम 6 मध्ये ती यादी होती: नाव, उद्दिष्टं, निधी कशावर खर्च होईल, सभासदांची यादी आणि ती पाहण्याची सोय, प्रवेशाच्या अटी, वर्गणी, लाभ आणि दंड, घटना बदलण्याची रीत, कार्यकारिणीची निवड आणि पदमुक्ती, निधीची सुरक्षितता, दरवर्षीची हिशेब तपासणी आणि विसर्जन. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, 2020 ने घेतली आहे. म्हणून त्याआधी छापलेला नमुना हातात असेल तर तो संहितेशेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहा. पदाधिकाऱ्यांची मुदत आणि वार्षिक सभा ही कलमं आधी तपासा.

स्वतः लिहिणारे बहुतेक वेळा निधीच्या कलमात घसरतात. ‘निधी सभासदांच्या हितासाठी वापरला जाईल’ एवढं लिहून पुढे जातात. मग निलंबित सभासदाला दिलेली मदत, वकिलाची फी किंवा अंत्यविधीसाठी दिलेली रक्कम कोणत्या शीर्षाखाली टाकायची, हे लेखापरीक्षक विचारतो आणि खजिनदाराकडे उत्तर नसतं. सर्वसाधारण निधी कोणकोणत्या कामांसाठी वापरता येईल, हे 1926 च्या कायद्याने मोजून सांगितलं होतं, आणि राजकीय कामासाठी वेगळा, ऐच्छिक वर्गणीचा निधी ठेवायला लावला होता. तीच विभागणी घटनेत नावानिशी आली पाहिजे.

नमुन्याचा तोटा दोन जागी दिसतो. एक तर तो महासंघाच्या बाजूने लिहिलेला असतो. ‘महासंघाच्या पूर्वसंमतीशिवाय घटनादुरुस्ती होणार नाही’, ‘विसर्जनानंतर शिल्लक मालमत्ता महासंघाकडे जाईल’ अशी वाक्यं शेवटच्या पानांवर असतात आणि मंजुरीच्या सभेत तिथपर्यंत कोणी वाचत नाही. संलग्न राहायचं असेल तर ती मान्य करण्यात गैर काही नाही, पण सभासदांना ती वाचून दाखवून, त्यावर वेगळं मत घेऊन मान्य करा.

दुसरा तोटा मापाचा. नमुना बऱ्याचदा मोठ्या उद्योगासाठी केलेला असतो आणि त्यात एकवीस जणांची कार्यकारिणी असते. नव्वद सभासदांच्या युनियनला एकवीस माणसं उभी करता येतात, पण दरमहा अकरा जणांची गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरायला लागणारी किमान हजेरी, साधता येत नाही. अपुऱ्या गणपूर्तीत झालेले ठराव पुढे बँकेत किंवा न्यायालयात अडतात. बाहेरच्या, म्हणजे त्या आस्थापनेत किंवा उद्योगात कामाला नसलेल्या, पदाधिकाऱ्यांचं गणितही यावरच ठरतं. 1926 च्या कायद्याच्या 2001 च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रात बाहेरचे लोक एकूण पदाधिकाऱ्यांच्या एकतृतीयांश किंवा पाच, यातल्या कमी आकड्यापर्यंतच ठेवले, आणि या मोजणीत कार्यकारिणी सदस्यही पदाधिकारीच धरले जातात. एकवीसमध्ये पाच, नऊमध्ये तीन.

आमचा कौल असा: सांगाडा नमुन्याचा घ्या, पण सभासदत्व कधी संपतं, गणपूर्ती, निवडणूक आणि घटनादुरुस्ती ही चार कलमं स्वतः लिहा. पूर्ण स्वतंत्र मसुद्याचा खटाटोप तेव्हाच करा, जेव्हा कामाचं स्वरूपच नमुन्यात बसत नाही. सभासद अनेक मालकांकडे विखुरलेले घरकामगार किंवा माथाडी असतील, तर ‘आस्थापनेच्या हजेरीपटावरील कामगार’ ही नमुन्यातली व्याख्या पहिल्याच ओळीत कोलमडते.

बहुमत कशाचं? इथे तीन पर्याय आहेत

घटनादुरुस्तीच्या कलमात ‘दोनतृतीयांश बहुमताने’ असं नुसतं लिहिलं, तर ते बहुमत कशाचं हा वाद पुढे अटळ असतो. आकड्यांत पाहा. समजा 640 सभासद आहेत, तीन समान पाळ्या आहेत आणि सभेची गणपूर्ती एकतृतीयांश, म्हणजे 214 आहे. बरोबर 214 जण आले आणि त्यातल्या 30 जणांनी मत दिलंच नाही. ‘उपस्थित आणि मतदान करणाऱ्यांच्या दोनतृतीयांश’ असेल तर 184 पैकी 123 मतांत दुरुस्ती मंजूर. ‘उपस्थितांच्या दोनतृतीयांश’ असेल तर 143 मतं लागतील, म्हणजे तटस्थ राहणारा प्रत्येक माणूस विरोधात गेल्यासारखाच. आणि ‘एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश’ असेल तर 427.

आता पाळ्या जमेस धरा. सभेच्या वेळी एक पाळी, म्हणजे 213 जण, कामावर असणार. उरले 427. सुट्टीवर, आजारी, गावी गेलेला असा एकही माणूस नसेल आणि सगळ्यांनी बाजूने हात वर केला, तरच दुरुस्ती होईल. असं कलम म्हणजे घटनेला घातलेलं कायमचं कुलूप. तरी अनेक घटनांमध्ये ते सापडतं, कारण लिहिताना ते सर्वांत लोकशाहीवादी वाटतं. युनियनचं नाव बदलण्यासाठी 1926 च्या कायद्यानेच एकूण सभासदांच्या दोनतृतीयांशांची संमती मागितली होती, ती वेगळी गोष्ट. तिथे कायदा सांगेल तसंच करायचं. पण तोच उंबरठा प्रत्येक कलमाला लावायचं काहीच कारण नाही.

आम्ही पहिला पर्याय सुचवतो, दोन अटींसह: सूचना किमान 21 दिवस आधी लेखी, आणि गणपूर्ती अशी की ती पाळ्यांमध्ये खरोखर जमते. पाळ्यांचा कारखाना असेल तर एकाच विषयपत्रिकेची सभा दोन सत्रांत घेण्याची तरतूद घटनेतच घाला. दोन्ही सत्रांची हजेरी आणि मतं एकत्र मोजायची, हेही लिहा. ती तरतूद नसताना दोनदा सभा घेतली, तर त्या दोन स्वतंत्र सभा ठरतात आणि दोन्हींत गणपूर्ती अपुरी पडते.

हात वर करून की गुप्त मतदान

नेहमीच्या कलमांसाठी हात वर करणं पुरतं, वेळही वाचतो. वर्गणी वाढवणं, पदाधिकाऱ्यांची मुदत बदलणं, महासंघाशी जोडून घेणं किंवा संबंध तोडणं या विषयांवर मात्र गुप्त मतपत्रिकाच हवी. सुपरवायझरच्या मर्जीतला कोण आणि पदाधिकाऱ्यांच्या मर्जीतला कोण, हे सगळ्यांना माहीत असलेल्या खोलीत हात मोकळेपणाने वर जात नाहीत. अमेरिकेच्या 1959 च्या कामगार संघटना कायद्यानेही स्थानिक संघटनेची वर्गणी वाढवायला सभासदांचं गुप्त मतदान सक्तीचं केलं आहे. खर्च थोडा वाढतो, मतमोजणीला तीन जण लागतात, आणि त्यात कोणी पदाधिकारी नसावा.

एक कलम की संपूर्ण घटना

एका कलमाची दुरुस्ती स्वस्त आणि जलद. सभासदांना एकच गोष्ट समजून घ्यायची असते, त्यामुळे मंजुरीही सोपी. धोका आहे तो जोडलेल्या कलमांचा. कार्यकारिणी 11 वरून 15 केली, पण गणपूर्तीच्या कलमात ‘6 सदस्य’ तसंच राहिलं, तर पंधरा जणांची कार्यकारिणी सहा जणांच्या बळावर चालते. ‘6’ ऐवजी आधीच ‘निम्म्याहून अधिक’ लिहिलेलं असतं, तर हा घोळ झालाच नसता. म्हणून मसुदा तीन रकान्यांत करा: सध्याचा मजकूर, प्रस्तावित मजकूर, आणि या बदलाचा परिणाम होणारी इतर कलमं. तिसरा रकाना रिकामा दिसला तर पुन्हा शोधा. नवं कलम मध्ये घालायचं असेल तर ‘12-अ’ करा. पुढचे सगळे क्रमांक सरकवले की जुन्या ठरावांतले आणि बँकेच्या कागदांतले संदर्भ चुकतात.

संपूर्ण घटना नव्याने करायची वेळ कधी येते? ढोबळमानाने, पाचसहा दुरुस्त्या झाल्या आणि सभासदाला ताजा मजकूर एका जागी वाचायला मिळत नाही, किंवा कायदाच बदलला, तेव्हा. आता संहितेमुळे अनेक जुन्या युनियन या दुसऱ्या कारणाने तिथे आल्या आहेत. यात मेहनत मोठी. पाच जणांची मसुदा समिती, सभासदांच्या हरकतींसाठी किमान महिनाभर, मग प्रकरणनिहाय मतदान. सगळी घटना एकाच मताला टाकली की एका नावडत्या कलमापायी सगळी पडते, किंवा त्याहून वाईट, एक वादग्रस्त कलम पन्नास निरुपद्रवी कलमांच्या आडून मंजूर होतं.

दोन्ही मार्गांना लागू असलेली एक मर्यादा सर्रास मोडली जाते. सभेत ऐनवेळी मांडलेला बदल सूचनेच्या कक्षेबाहेर जाता कामा नये. सूचनेत कार्यकारिणी 11 वरून 15 करण्याचा प्रस्ताव असेल, तर सभा 13 वर थांबू शकते, 17 वर जाऊ शकत नाही. पंधरा मान्य आहेत म्हणून जो सभासद घरी थांबला, त्याला सतराची सूचना मिळालेलीच नसते.

पदाच्या मुदतीची दुरुस्ती असेल तर अंमल कधीपासून, हे ठरावातच हवं. ‘हा बदल यानंतरच्या निवडणुकीत निवडून येणाऱ्यांना लागू होईल’ हे वाक्य नसेल, तर खुर्चीवर बसलेले लोक स्वतःचीच मुदत वाढवताहेत असा आरोप होतो, आणि तो खोडून काढणं अवघड जातं.

मंजुरीनंतर

इतिवृत्तात हजर सभासदांची संख्या, बाजूची मतं, विरोधी मतं आणि तटस्थ हे चारही आकडे लिहा. ‘बहुमताने मंजूर’ एवढ्यावर भागत नाही. हजेरीची सही केलेली यादी आणि सूचना वाटल्याचा पुरावा सोबत ठेवा, कारण बदल युनियनच्याच घटनेत सांगितलेल्या रीतीने झाला का, हा युनियनची नोंदणी करणाऱ्या निबंधक कार्यालयातला पहिला प्रश्न असतो. 1926 च्या कायद्यात दुरुस्तीची प्रत 15 दिवसांत पाठवायची होती. तीच शिस्त पुढेही पाळा, आणि पोच घेतल्याशिवाय प्रत देऊ नका. नव्या घटनेच्या प्रत्येक पानावर ‘अमुक तारखेच्या सभेपर्यंत सुधारित’ असं छापा आणि जुन्या प्रती कार्यालयातून काढून एका फाइलीत बांधून ठेवा. त्या फाडू नका. आधीच्या मुदतीतल्या एखाद्या निर्णयावर दावा दाखल झाला, तर त्या दिवशी लागू असलेलं कलम त्याच फाइलीतून काढावं लागतं.