मुलगा झाला तर अथेन्स, मुलगी झाली तर स्पार्टा

समजा इ.स.पू. ४४० च्या आसपास ग्रीसमध्ये तुमच्या घरी पाळणा हलणार आहे आणि अथेन्स की स्पार्टा, या दोन नगरराज्यांपैकी कुठे, एवढंच ठरवायचंय. दोन्हीकडे तुम्ही नागरिक आहात असं धरतोय हां, कारण अथेन्सचे गुलाम किंवा स्पार्टाच्या शेतात राबणारे हेलॉट असाल तर चॉईस वगैरे काही नाहीच. माझं उत्तर वर टायटलमध्येच दिलंय, आता का ते सांगतो.

पहिला प्रश्न म्हणजे बाळ ठेवायचं की नाही, आणि अथेन्समध्ये हे बाप ठरवणार. ठेवायचं ठरलं की मुलगा असेल तर दारावर ऑलिव्हची माळ, मुलगी असेल तर लोकर, मग पाचव्या-सातव्या दिवशी बाळाला उचलून चुलीभोवती फेरी आणि नाव सातव्या नाहीतर दहाव्या दिवशी. एवढं थांबायचं कारण तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच देतो, दगावणारी बहुतेक बाळं सातव्या दिवसाच्या आतच जातात म्हणून. स्पार्टात बापाला कोण विचारतंय, जमातीतले म्हातारे बाळ बघणार, धडधाकट असेल तर ठेवा नाहीतर टायगेटस डोंगरापाशी टाकून या. पण हे सांगणारा ग्रीक लेखक प्लुटार्क जवळपास पाचशे वर्षांनंतरचा, आणि ज्या खोल कपारीत ही बाळं टाकायचे म्हणतात तिथली हाडं तपासली तर मोठ्या माणसांची निघाली, तान्ह्यांची नाही. त्यामुळे ‘कड्यावरून बाळं फेकायचे’ हे ऐकून लगेच स्पार्टावर काट मारू नका.

पुढची चार-पाच वर्षं अथेन्स एकदम घरगुती. बाळाला दुपट्यात करकचून गुंडाळायचं, दूध पाजायला चोच असलेलं मातीचं भांडं, खुळखुळे, चाकांच्या गाड्या, मेंढीच्या घोट्याच्या हाडांचे खेळ (पाच हाडं उडवून उलट्या हातावर झेलायची, म्हणजे आपले सागरगोटेच की!). अथेन्सच्या अगोरात, म्हणजे बाजारचौकात, तर चक्क मातीची पॉटी सीट सापडलीये, पोराला वर बसवायचं आणि पाय पुढच्या भोकातून बाहेर, मला ती बघून फार हसू आलं. तीन वर्षांचं पोर झालं की वसंतातल्या सणाला त्याला स्वतःची छोटी सुरई मिळायची.

स्पार्टात गुंडाळणं नाही, हातपाय मोकळे, म्हणे अंघोळ पाण्याऐवजी वाईनने, आणि अंधाराला घाबरायचं नाही, जेवणात नखरे नाहीत, रडारड नाही. पण माया नव्हती असं नाही हां, राजा अगेसिलाउस घरात पोरांबरोबर काठीचा घोडा करून खेळताना एका मित्राला दिसला तर म्हणाला, तू स्वतः बाप होईपर्यंत हे कुणाला सांगू नकोस.

खरी गोची सातव्या वर्षी. अथेन्सचा मुलगा घरीच झोपतो, दिवसा एक गुलाम त्याला सोबत घेऊन मास्तरांकडे सोडतो, एक लिहायला-वाचायला शिकवणारा, एक लायर हे तंतुवाद्य वाजवायला, एक कुस्तीला. फी मात्र बापाच्या खिशातून, सरकारी शाळा वगैरे नाही, त्यामुळे गरिबाचं पोर लवकरच कामाला. स्पार्टाचा मुलगा सातव्या वर्षी घर सोडून मुलांच्या टोळीत राहायला जातो, बाराव्या वर्षापासून अख्ख्या वर्षाला एकच वस्त्र, अनवाणी, झोपायला युरोटास नदीकाठचे बोरू स्वतःच्या हाताने तोडून आणायचे, जेवण मुद्दाम कमी म्हणजे चोरायला शिकेल, आणि पकडला गेला तर मार, चोरी केली म्हणून नाही तर नीट जमली नाही म्हणून. मी काही माझा मुलगा पाठवणार नाही, सॉरी.

मुलीचं उलटं. अथेन्समध्ये ती घरात कातणं-विणणं शिकणार, फार तर काहीजणी लहानपणी ब्राउरॉनला आर्टेमिसच्या देवळात ‘अस्वल’ बनून नाचणार, आणि चौदा-पंधराव्या वर्षी तिशीतल्या माणसाशी लग्न. झेनोफोन या अथेन्सच्या लेखकाच्या एका संवादात नवरा कौतुकाने सांगतो की माझी बायको आली तेव्हा पंधराचीही नव्हती आणि तिने कमीत कमी बघावं, ऐकावं, विचारावं अशाच देखरेखीत वाढली होती. स्पार्टात मुलगी पळते, कुस्ती खेळते, पोटभर जेवते आणि लग्न बरंच उशिरा, अठरा-वीसला. हे सगळं निरोगी सैनिक जन्माला यावेत म्हणून, मुलीच्या भल्यासाठी नाही, हे खरंय. पण फायदा तिला मिळतोच ना. जमीनही नावावर राहते, ॲरिस्टॉटल तर वैतागून लिहितो की तिथली जवळजवळ दोन पंचमांश जमीन बायकांकडे आहे.

आणि दोन्हीकडचं थोडं थोडं हवं असेल तर श्रीमंत अथेन्सकरांनी मधला मार्ग काढला होता, बाळाला दाई स्पार्टाकडची ठेवायची. अथेन्सचा गाजलेला पुढारी आणि सेनापती आल्किबियाडीस, त्याची दाई तशीच होती, आमिक्ला नावाची. पोर पुढे देखणं, हुशार, शूर निघालं आणि इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्समध्ये खटला अंगावर आल्यावर पळून गेलं कुठे, तर थेट स्पार्टाला, आणि तिथेही बिनसल्यावर पर्शियनांकडे.