एसव्हीएन सोडून जायचं कुठं: गिट, फॉसिल की जुजुत्सू?

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी मागं टाकली, तेव्हा आमचा डेस्कटॉप शाहूपुरी कुंभार गल्लीत तळमजल्यावर होता. माझ्या सगळ्या घरगुती प्रोजेक्टांचा एसव्हीएन (कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारा प्रोग्रॅम) सर्व्हर त्याच्यावरच. मी लॅपटॉप काखोटीला मारून बाहेर पडलो आणि निर्धास्त होतो, कोड बरोबर आहे म्हणून. कोड होताच, पण इतिहास नव्हता. एसव्हीएनमध्ये आपल्या हातात एकच आवृत्ती असते, मागची साखळी सगळी सर्व्हरवर. आणि सर्व्हर पाण्यात. पुढं एका पेनड्राइव्हवर २०१७ चा डंप (सगळा इतिहास एका फाईलमध्ये काढलेली प्रत) सापडला, तेवढंच वाचलं.

म्हणून कुणी विचारलं की “एसव्हीएन चाललंय की निवांत, कशाला हलायचं?”, तर माझं उत्तर पुराच्या पाण्यापासून सुरू होतं. खाली जे आहे ते एकट्यानं चालवायच्या प्रोजेक्टांपुरतं. टीमचं गणित वेगळं.

गिटही हेच काम करतं, पण त्यात क्लोन केलं, म्हणजे प्रत उतरवून घेतली, की अख्खा इतिहास आपल्या मशीनवर येतो. लॅपटॉप, ऑफिसचं मशीन, गिटहब या साइटवरची खाजगी रेपो (कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा), यातली कुठलीही एक प्रत उरली तरी सगळं उरलं. गिटहबवर खाजगी रेपो जानेवारी २०१९ पासून फुकट आहेत, त्यामुळं खर्चाची सबब नाही. ऑनलाइन नको असेल तर गिट बंडल करा, सगळी रेपो एका फाईलमध्ये येते. अडचण येते ती सामान हलवताना. डंप असेल तर आधी तो रिकाम्या एसव्हीएनमध्ये भरायचा आणि मग गिट-एसव्हीएन या साधनानं गिटमध्ये ओढायचा. ते एकेक रिव्हिजन (नोंदवलेला एकेक बदल) घेत जातं, तेव्हा रात्री लावून झोपा. जुन्या युजरनेमसमोर नाव आणि ईमेल लिहिलेली यादी आधी तयार ठेवा, नाहीतर इतिहासात विचित्र पत्ते कायमचे बसतात.

मला खरा दणका बसला तो बारीक गोष्टींत. उद्यमनगरात चुलतभावाची फौंड्री आहे. त्याच्यासाठी कास्टिंगचं कोटेशन काढायचा प्रोग्रॅम केला होता. गिटवर नेला आणि पहिल्याच दिवशी बंद. कारण काय, तर तो एका रिकाम्या फोल्डरात पीडीएफ टाकायचा, आणि गिट रिकामे फोल्डर धरतच नाही. एसव्हीएन धरतं. दुसरं, कोटेशनच्या तळाशी रिव्हिजनचा आकडा आपोआप छापून यायचा, तो बंद झाला. असा आकडा भरणारे एसव्हीएनचे कीवर्ड गिटमध्ये तसे चालत नाहीत. दादाला पूर्वी फोनवर “चारशे बारा नंबरचं घे” म्हणून सांगता यायचं. आता गिट प्रत्येक बदलाला जी ४० अक्षरांची खूण, म्हणजे हॅश, देतं तिच्यातली पहिली सात सांगायची. दादा वैतागला. शेवटी मी हातानं टॅग, म्हणजे सोपी नावं, लावायला लागलो.

मराठी नावाच्या फाईली असतील तर आणखी एक गंमत. बदललेल्या फाईलींची यादी दाखवणाऱ्या गिट स्टेटसमध्ये देवनागरी नावाऐवजी ३४०, २४४ असले आकडे तिरक्या रेघांसकट दिसतात. फाईल बिघडलेली नसते. कोटपाथ नावाचं सेटिंग बंद केलं की नाव नीट दिसतं.

फॉसिलकडं फार कुणी बघत नाही, आणि एकट्या माणसासाठी मला तेच लई आवडलं. एसक्यूलाइट हा एका फाईलीत मावणारा डेटाबेस लिहिणाऱ्या रिचर्ड हिप यांचंच हे काम. एसक्यूलाइटचा स्वतःचा कोडही फॉसिलमध्येच राहतो. चालवायचा प्रोग्रॅम एकच फाईल, आणि रेपोसुद्धा एकच एसक्यूलाइट फाईल. तिच्यातच विकी, तिकिटं (चुका आणि कामांच्या नोंदी) आणि ब्राउझरमध्ये उघडणारी टाइमलाइन. बंधाऱ्याची पातळी ३९ च्या, म्हणजे इशाऱ्याच्या वर गेली की घरच्यांना मेसेज टाकणारी माझी एक स्क्रिप्ट आहे. दर पावसाळ्यात काय बिघडलं, कुणाचा नंबर बदलला, हे तिच्याच विकीत लिहितो. क्लोन केलं की तेही बरोबर येतं. गिटहबवर कोड गिटचा असतो, पण इश्यू, म्हणजे तिकिटांसारख्याच नोंदी, त्या साइटचे. क्लोनमध्ये ते येत नाहीत. हा फरक मला मोठा वाटतो.

पण नोकरीच्या मुलाखतीत फॉसिलची लिंक दाखवाल तर समोरचा कोऱ्या चेहऱ्यानं बघेल. रीबेस करून, म्हणजे जुन्या नोंदी मागाहून बदलून, इतिहास साफसूफ करायची सवय असेल तर तेही इथं नाही, मुद्दामच ठेवलेलं नाही. आणि ती एक फाईल गूगल ड्राइव्हसारख्या सिंक फोल्डरात ठेवून काम करू नका, डेटाबेस बिघडू शकतो.

जुजुत्सू म्हणजे वेगळं घर नाही, गिटच्याच घराला बसवलेलं नवं दार. खाली साधी गिट रेपोच असते, त्यामुळं पटलं नाही तर परत फिरायला काही लागत नाही. स्टेजिंगची, म्हणजे नोंदवायचे बदल आधी निवडून ठेवायची, भानगड नाही, आणि चुकलं तर सरळ अनडू. गिटच्या रीबेसमध्ये ज्याचा जीव गुदमरलाय त्यानं नक्की बघावं. एक सांभाळा: कुठलीही कमांड दिली की ते फोल्डरातल्या नव्या फाईली आपणहून नोंदवतं. पासवर्डची फाईल आधीच इग्नोरमध्ये, म्हणजे नोंदवायच्या नाहीत अशा फाईलींच्या यादीत, टाका. गिट मुळीच येत नसेल तर मात्र आधी गिटचे चार महिने काढा, कारण अडलं की मदत गिटच्या भाषेत मिळते.

मर्क्युरिअलही गिटसारखंच २००५ चं आणि शिकायला सोपं. पण गिटहबसारख्याच बिटबकेट या साइटनं २०२० मध्ये त्याचा आधार काढला आणि मोझिलानं २०२३ मध्ये फायरफॉक्स गिटवर न्यायचं जाहीर केलं. आधीपासून त्यावर असाल तर घाई नाही. नव्यानं तिकडं जायला मी सांगणार नाही.

तेव्हा कुणाला दाखवायचा कोड असेल तर गिट, आणि नोंदींसकट स्वतःपुरतं जपायचं असेल तर फॉसिल. जे प्रोजेक्ट दोन वर्षांत उघडलेच नाहीत त्यांचा इतिहास हलवत बसू नका. डंप काढा, दोन ठिकाणी ठेवा, विषय संपला.

सगळंच हलवायला पाहिजे असंही नाही. दादाच्या पॅटर्नची ड्रॉइंग मोठमोठ्या बायनरी फाईली आहेत. गिटनं प्रत्येक क्लोनबरोबर त्यांची प्रत्येक जुनी आवृत्ती ओढली असती, आणि १०० एमबीच्या वरची फाईल गिटहब घेतच नाही. एसव्हीएनमध्ये ताजी तेवढी येते, शिवाय एकानं फाईल लॉक केली की दुसरा तिच्यावर काही चढवू शकत नाही. ती ड्रॉइंग अजून एसव्हीएनवरच आहेत. सर्व्हर तेवढा दुसऱ्या मजल्यावर नेलाय, आणि दर शनिवारी डंप माझ्याकडं येतो.