सिलिकॉनची पट्टी: वण मऊ होतो, लपत नाही

मी एसटीत कंडक्टर. थायरॉइडची गाठ काढली तेव्हा गळ्यावर आडवा वण राहिला. सीटवरचा माणूस तिकिटासाठी मान वर करतो, ती नजर थेट तिथंच येते. टाके निघून जखम पूर्ण भरली, तेव्हा डॉक्टरांनी ही पट्टी सांगितली. ओल्या जखमेवर ती लावायची नसते.

आधी गुण. वण लाल, टणक, फुगीर होता आणि रात्री खाजायचा. सगळ्यात आधी खाज गेली, मग हळूहळू टणकपणा. पण दिवसाला निदान बारा तास, आणि असं दोन-तीन महिने लावली तरच. पट्टीत औषध नसतं. ती वणातली ओल धरून ठेवते, त्यानं त्याचं फुगणं आटोक्यात येतं. खोक्यावर वण गायब होईल असं छापलंय, तिकडं लक्ष देऊ नका. वण तसाही वर्ष-दीड वर्ष बदलत राहतो.

खरी अडचण घामाची. मे महिन्यात कोल्हापूर–रत्नागिरी फेरीला आंबा घाट उतरला की पट्टीच्या कडा सुटतात, खाली घामोळं येतं. म्हणून ड्युटीवर मी नळीतलं सिलिकॉन जेल लावते. पातळ थर, वाळला की वर सनस्क्रीन, कारण नवा वण उन्हानं काळा पडतो. पट्टी घरी आल्यावर. ती साध्या साबणानं धुवायची आणि नुसती वाऱ्यावर ठेवायची. टॉवेलनं पुसली की धागे चिकटतात आणि मग ती कशालाच चिकटत नाही. मंगळसूत्र वणावर घासत होतं, ते लांब करून घेतलं.

'त्वचेच्या रंगाची' म्हणून जी मिळते ती गुलाबी असते. आमच्या अख्ख्या खानदानात त्या रंगाचं कुणी नाही. पारदर्शक घ्या. तीही लपवायला म्हणून नको, कारण वणापेक्षा पट्टीचीच चौकशी जास्त होते. साखरप्याला निघालेल्या एका आजींनी भर गाडीत विचारलं, "बाई गं, गळा कुणी कापला?"

"डॉक्टरनं. पैसे देऊन कापून घेतला."

"बरं केलंस. दे अर्धं तिकीट."

त्यानंतर मी ड्युटीवर स्कार्फ बांधायचं सोडलं. नणंदेच्या लग्नाला जाऊबाई बंद गळ्याचा ब्लाउज शिव म्हणत होत्या, मी नेहमीसारखा गोल गळाच शिवला. फोटोग्राफरनं अल्बममध्ये वण पुसू का विचारलं. म्हटलं, राहू दे, माझाच आहे.

वण कापलेल्या रेषेच्या बाहेर पसरायला लागला तर मात्र तो किलॉइड असू शकतो. मग नुसत्या पट्टीच्या भरवशावर बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. त्याला बऱ्याचदा इंजेक्शन लागतं.

पाचपैकी चार तारे. एक त्या गुलाबी रंगापायी कापला.