शरिया बीझ ईटीएफ, व्याज नको असणाऱ्यांसाठी

निफ्टी ५० शरिया बीझ हा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड, मी हळूहळू घेतोय, कारण अब्बांनी आयुष्यभर एफडी केली नाही, व्याज म्हणजे रिबा, इस्लाममध्ये हराम, म्हणून पैसे बिनव्याजी पडून राहिले आणि महागाईने खाल्ले, ते बघून फार वाईट वाटायचं. २००९ पासूनचा हा फंड निफ्टीच्या ५० मोठ्या कंपन्यांमधून बँका, विमा, दारू, सिगरेटवाले बाहेर काढतो, जास्त कर्जवाल्या कंपन्याही जातात, म्हणजे एचडीएफसी बँक नाही, आयटीसी नाही. राहतं ते आयटी, औषधं वगैरे, त्यामुळे आयटी पडलं की हाही जोरात पडतो आणि बँका पळाल्या की आपण मागे, हे मान्य करूनच घ्या.

व्हॉल्यूम, म्हणजे रोजची खरेदी-विक्री, कमी असतो, मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) टाकू नका, लिमिटच (आपण ठरवलेल्या भावाला) टाका. अजून एक, यातल्या कंपन्यांना थोडंफार व्याज मिळतंच, तेवढा हिस्सा काढून गरिबांना द्यायचा, पण तो जकातमध्ये (इस्लाममधलं सक्तीचं दान) धरायचा नाही, अडीच टक्के जकात वेगळी. हा हिशोब ॲपमध्ये कुठेच दिसत नाही, मी वहीत करतो. अब्बांनी पण आता घेतलाय.