सीडी-४ च्या ‘मॅच्ड सेट’ने लावलेला चुना

सत्तरच्या दशकातले चार चॅनेलचे, म्हणजे चार स्पीकरना वेगवेगळा आवाज देणारे रिसीव्हर अमेरिकेत अजून हातोहात खपतात, आणि त्यांच्या मागोमाग ‘तुमच्या रिसीव्हरला जुळणारं कार्ट्रिज’ (रेकॉर्ड वाचणारी सुई बसवलेला टर्नटेबलचा भाग) विकणाऱ्यांचाही धंदा चालतो. त्यातल्या एका गृहस्थाने मला चारशे डॉलरच्या आसपास गंडवलं. रकमेपेक्षा त्याची पद्धत सांगायला हवी, कारण ती इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या माणसावरही बेमालूम चालते.

माझ्याकडे न्यू जर्सीत पायोनिअरचा क्यूएक्स-९४९ आहे. त्यात एसक्यू, आरएम आणि सीडी-४ अशा चार चॅनेलच्या रेकॉर्डच्या तिन्ही पद्धतींची सोय आतच आहे. यातली एसक्यू सीबीएसची. सान्सुईची क्यूएस, जी आरएमच्या जागी चालते, तीही त्याच जातीची. दोन्हींत चार चॅनेल दोनांत मिसळून रेकॉर्डवर कोरलेले असतात आणि ते सोडवायचं काम रिसीव्हर करतो. त्यासाठी कुठलंही बऱ्यापैकी स्टिरिओ कार्ट्रिज पुरतं. ‘एसक्यूसाठी खास’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर तिथूनच काढता पाय घ्यावा.

सीडी-४ चं प्रकरण वेगळं. ही पद्धत जेव्हीसीची, आणि आरसीएने ती अमेरिकेत ‘क्वाड्राडिस्क’ या नावाने विकली. (आरसीएच्या रेकॉर्डचा नंबर ‘एपीडी’ने सुरू होत असेल तर ती चार चॅनेलची.) पुढच्या आणि मागच्या स्पीकरची बेरीज नेहमीच्या आवाजासारखी कोरलेली असते, आणि त्यांच्यातला फरक ३० किलोहर्ट्झच्या, कानाला ऐकू न येणाऱ्या लहरीवर चढवलेला असतो. कार्ट्रिजने ४५ किलोहर्ट्झपर्यंत वाचलं तर रिसीव्हर पुढचं-मागचं वेगळं करणार. ३३⅓ च्या वेगाने फिरणाऱ्या एलपीच्या बाहेरच्या कडेला ३० किलोहर्ट्झची एक लाट साधारण १७ मायक्रॉनची असते. लेबलजवळ ती ७ मायक्रॉनवर येते. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १५ ते १८ मायक्रॉन. ती त्या खाचेत शिरणार कशी? म्हणून तर जेव्हीसीच्या नोरिओ शिबाटा यांनी वेगळ्या घडणीची सुई काढली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आमच्या विक्रेत्याला हे सगळं तोंडपाठ होतं. जाहिरातीत जुन्या कार्ट्रिजचा मूळ डबा, आत छापलेला ५० किलोहर्ट्झपर्यंतचा आलेख, ‘शिबाटा, जेमतेम वापरलेली’ असा मजकूर. फोनवर त्याने रिसीव्हरचं मॉडेल विचारलं, टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) कुठला, आधी कुठलं कार्ट्रिज होतं, सगळं डॉक्टरसारखं विचारून घेतलं. मग म्हणाला, तुमच्या ९४९ ला जुळवूनच देतो. पैसे ॲपवरून ‘मित्र-नातेवाईक’ या पर्यायाने पाठवले तर पाच टक्के सूट. या पर्यायात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

कार्ट्रिज आलं, नीट बसवलं, सुईचं वजन लावलं. स्टिरिओ रेकॉर्ड छान वाजल्या. क्वाड्राडिस्क लावली तर रिसीव्हरला ती लहर सापडली की लागणारा सीडी-४ चा दिवा लागेना. मधूनच क्षणभर लुकलुके, आणि मागच्या स्पीकरमधून सँडपेपर घासल्यासारखी खरखर.

इथून खरा खेळ सुरू झाला. पहिलं उत्तर आलं की सुई अजून ‘रुळायची’ आहे, पन्नास तास वाजवा. माल परत घ्यायची मुदत तीस दिवसांची. नोकरी करणारा माणूस रोज तास-दीड तास वाजवतो, आणि मुदत अलगद निघून जाते. नवी सुई रुळल्यावर आवाज थोडा उघडतो असं म्हणतात, ते असेलही. पण ३० किलोहर्ट्झची लहर जिला पहिल्या दिवशी सापडत नाही तिला पन्नास तासांनीही सापडत नाही.

मग त्याने केबलकडे बोट दाखवलं. यात तथ्य होतं, म्हणून तर ते पटलं. सीडी-४ साठी टोनआर्मच्या तारांपासून रिसीव्हरपर्यंतची एकूण कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) १०० पिकोफॅरडच्या आसपास ठेवावी लागते. ती वाढली की वरच्या फ्रिक्वेन्सी वाटेतच गळतात. त्याची ‘खास कमी कपॅसिटन्सची’ केबल ऐंशी डॉलरला. ती मी क्रेडिट कार्डवर घेतली. तिनेही फरक पडला नाही तेव्हा तो म्हणाला, रेकॉर्ड झिजलेल्या असतील. हेही शक्य असतं. त्या काळात अनेकांनी क्वाड्राडिस्क जड, गोल सुईने वाजवून ती लहर खरवडून काढली. वरून रेकॉर्ड चकचकीत दिसते, पण आत काही उरलेलं नसतं. शेवटी त्याने रिसीव्हरवर खापर फोडलं. पन्नास वर्षांचं मशीन, डीमॉड्युलेटर (त्या लहरीवरचा फरक सोडवणारा भाग) गेलेला असणार, आणि तो दुरुस्त करणारा एक ‘ओळखीचा’ माणूसही त्याच्याकडे तयार होता!

म्हणजे कार्ट्रिज, केबल, रेकॉर्ड, रिसीव्हर या चार कड्या, आणि प्रत्येक वेळी दोष पुढच्या कडीचा. चारही खरोखरच बिघडू शकतात, त्यामुळे त्याचं एकही वाक्य धडधडीत खोटं ठरत नाही. घरात पडताळायला दुसरं सीडी-४ कार्ट्रिज सहसा कोणाकडे नसतं. त्याचं सगळं दुकान या एवढ्या गोष्टीवर चालतं.

रिसीव्हर मी दुरुस्तीला पाठवायला पेटीत घालायच्या बेतात होतो, तेवढ्यात आमच्या मराठी मंडळातले एक काका आले. आयुष्यभर टेलिफोन कंपनीत सिग्नल मोजलेला माणूस. “अहो, आधी पेशंट कोण ते तर ठरवा,” म्हणाले, आणि खिशातल्या डबीतून स्वतःचं जुनं ऑडिओ-टेक्निका काढलं. तोच रिसीव्हर, तीच रेकॉर्ड, माझी जुनीच केबल. सुई टेकली आणि दिवा लागला, तो लागूनच राहिला. मागच्या उजव्या कोपऱ्यातून गिटार स्वच्छ यायला लागली.

मग विकत घेतलेली सुई यूएसबी मायक्रोस्कोपखाली धरली. शिबाटाच्या हिऱ्याला मागच्या अंगाला दोन सपाट पैलू तासलेले असतात, ते बाजूने पाहिलं की कळतात. इथे स्टीलच्या खुंटीवर चिकटवलेला हिऱ्याचा कण, त्याचं टोक गोल, भोवती डिंकाचा ठिपका, आणि ॲल्युमिनियमची दांडी किंचित तिरकी. बॉडी अस्सल होती, डबा अस्सल होता. सुईचा तुकडा बाजारात वीस-पंचवीस डॉलरला मिळणारा. केबलही मल्टिमीटरला लावली. दोन्ही टोकं मोकळी ठेवून एक पिन मधल्या टोकाला, दुसरी बाहेरच्या कड्याला. आकडा आला २४० पिकोफॅरड. काकांनी नुसतंच माझ्याकडे पाहिलं.

केबलचे पैसे कार्ड कंपनीकडे तक्रार करून, मल्टिमीटरचा फोटो जोडून परत मिळाले. कार्ट्रिजचे बुडाले. विक्रेत्याने आधी उत्तरं दिली, मायक्रोस्कोपचा फोटो पाठवल्यावर हात वर केले, आणि त्यानंतर फोन उचलणंच बंद केलं.

तुम्ही असं काही घेणार असाल तर डब्याच्या फोटोवर जाऊ नका. सुईचा समोरून आणि बाजूने मोठा करून काढलेला फोटो मागा. जो ‘माझ्याकडे मायक्रोस्कोप नाही’ म्हणतो त्याने शिबाटाचा भाव लावायचं कारण नाही. शक्य असेल तर सीडी-४ चा दिवा लागलेला, कार्ट्रिज आणि रिसीव्हर एकाच चौकटीत दिसणारा व्हिडिओ मागा. टर्नटेबलमध्ये प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं सर्किट) असेल तर तो बंद करूनच तपासा, कारण डीमॉड्युलेटरला कार्ट्रिजचा कच्चा सिग्नल लागतो.

आणि शिबाटा म्हणजे आपोआप सीडी-४, असंही नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या आजच्या व्हीएम९५एसएचची सुई खरी शिबाटा आहे, पण कॉइलची इंडक्टन्स (बदलत्या सिग्नलला होणारा तिचा अडथळा) ५५० मिलिहेन्री, म्हणजे जास्त. १०० पिकोफॅरडला तिचा रेझोनन्स, म्हणजे जिथून पुढे सिग्नल गळायला लागतो तो बिंदू, २१ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, ३० च्या बराच अलीकडे. स्टिरिओला उत्तम, सीडी-४ ला एखाद्या रिसीव्हरवर चालेल, एखाद्यावर नाही. जुन्या कमी इंडक्टन्सच्या बॉडीला जपानच्या जिको कंपनीची नवी शिबाटा सुई मिळत असेल तर तो रस्ता जास्त भरवशाचा. मी आता त्याच खटपटीत आहे, आणि या वेळी पैसे कार्डावरच देणार आहे.