मोरचूद, बोअरचं पाणी आणि झेब्राफिश: आठ महिन्यांच्या वापरानंतर

झेब्राफिश या छोट्या पट्टेरी माशाला पाण्यातूनच रसायन द्यायची पद्धत मी नाशिकच्या आमच्या प्रयोगशाळेत आठ महिने वापरते आहे. सुई नाही, नळी नाही. २४ खणांची प्लेट, प्रत्येक खणात २ मिली पाणी, त्यात एक अंडं आणि मोजून घातलेलं रसायन. माझं रसायन मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. दिंडोरीकडे काकांची द्राक्षबाग आहे, त्यामुळे बोर्डो हे बुरशीवरचं फवारणीचं मिश्रण लहानपणापासून पाहिलेलं: १ टक्क्याचं करायचं तर १०० लिटरला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. त्यातलं तांबं ओढ्यात उतरलं तर माशांचं काय होतं, हे मला बघायचं होतं.

सोय म्हणाल तर या पद्धतीला तोड नाही. सकाळी दिवे लागले की मासे अंडी घालतात, ती गाळणीने उचलायची, दुपारपर्यंत प्लेट तयार. अंडं काचेसारखं पारदर्शक, दुसऱ्या दिवशी धडधडणारं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नव्हते.

पण मला खरं शिकवलं ते पाण्याने. डिस्टिल्ड पाण्यात मोजके क्षार घालून बनवलेल्या ई-३ या द्रावणात पाच दिवसांची पिल्लं ठेवली, लिटरला पाव मिलिग्रॅम मोरचूद घातलं, की दोन तासांत अंगावरच्या पार्श्वरेषेतल्या केसपेशी रंगवल्यावर विरळ दिसायच्या. याच पेशींनी माशाला पाण्याची हालचाल कळते. एप्रिलमध्ये डिस्टिलेशनचं यंत्र बंद पडलं आणि एक खेप बोअरच्या पाण्यात झाली. मात्रा तीच, पण बहुतेक पेशी शाबूत! तीन दिवस मी वजनकाटा तपासला, रंग बदलला, स्वतःच्या हातांवर शंका घेतली. कारण निघालं पाण्यातल्या क्षारांत. कार्बोनेट तांब्याला बांधून ठेवतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम माशाच्या अंगावर तांब्याची जागा अडवतात. बाटलीवर लिहिलेला आकडा पाण्याचा होता, माशाला लागलेलं तांबं वेगळंच होतं.

वयाचंही तसंच. पहिले दोन-तीन दिवस पिल्लू कवचात असतं आणि बरंचसं तांबं कवचच धरून ठेवतं. तांब्यामुळे पिल्लं बाहेर यायलाही उशीर होतो. तोंड उघडतं तिसऱ्या दिवसाच्या सुमारास, त्याआधी जे जाईल ते कातडीतून. म्हणून एकाच मात्रेचे पहिल्या आणि चौथ्या दिवसाचे निकाल मी शेजारी ठेवत नाही.

तेलकट रसायनं वापरणाऱ्यांनी जास्त जपावं, ती प्लास्टिकला चिकटतात. ती विरघळवायला डीएमएसओ हे द्रावक लागतं, पण ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या माशांच्या अंड्यांवरच्या २०१३ च्या २३६ क्रमांकाच्या चाचणीत त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिली आहे. तुलनेसाठी नुसत्या डीएमएसओचा एक गट वेगळा ठेवलाच पाहिजे.

जानेवारीत रात्री वीज गेली, इनक्युबेटर २८ अंशांवरून घसरला आणि सगळी पिल्लं मागे पडली. तेव्हापासून वय घड्याळावर नाही, रूपावरून ठरवते.

नव्याने सुरू करणाऱ्याला मी हीच पद्धत सुचवेन, फक्त प्लेटवर मात्रेइतकंच ठळक पाणी कुठलं तेही लिहा. काकांच्या बांधालगतच्या ओढ्याचं पाणी परवा आणलं आहे. आधी त्याचा हार्डनेस, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजते, मग अंडी सोडते.